काचेचा अँगलरफिश फुंकायचा असेल तर

खोल समुद्रातला मासा काचेत करायचा म्हटलं की बरेच जण आधी ब्लॉबफिशचा तो फेमस फोटो उघडतात, गुलाबी, लिबलिबीत, मोठ्या नाकाचा, आणि चूक तिथेच होते. तो मासा वर ओढून आणलाय, दाब गेल्यामुळे त्याचं अंग पार बिघडलंय, खाली आपल्या जागी तो बराचसा चारचौघांसारखा मासाच दिसतो. म्हणून जाळ्यातल्या आणि बरणीतल्या माशांचे फोटो बाजूला ठेवा, खाली सोडलेल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघा आणि तीन बाजूंनी स्केच काढा.

मासा निवडताना एवढंच बघायचं की यातलं काचेला आपसूक काय जमतं. १००० मीटरच्या खाली सूर्याचा उजेड पोचतच नाही, त्यामुळे तिथे कोणी पारदर्शक, कोणी काळंकुट्ट, आणि बऱ्याच जणांकडे स्वतःचा दिवा, म्हणजे काचेचंच राज्य म्हणा ना. बॅरलआय माझा सगळ्यात लाडका, डोकं पारदर्शक घुमटासारखं आणि आत हिरवे नळीसारखे डोळे, पण पहिल्याच खेपेला तो घेऊ नका, फार अवघड आहे. अँगलरफिशची मादी घ्या, कपाळावर गळासारखी दांडी आणि तिच्या टोकाला दिवा असलेली, तिचं अंग म्हणजे फुंकलेला फुगाच.

ब्लोपाइपवर, म्हणजे फुंकायच्या लांब पोकळ नळीवर, थोडी पारदर्शक काच घ्या, छोटा बुडबुडा करा, काळ्या काचेच्या पावडरमध्ये लोळवा (मास्क लावूनच, ती धूळ छातीत जाता कामा नये), पण कपाळाच्या जागी एक पट्टी कोरी सोडा, का ते पुढे सांगते. त्यावर परत पारदर्शक काचेचा थर घेऊन फुगवा. काळी काच पातळ झाली की बऱ्याचदा जांभळट दिसायला लागते, तर पोट पातळ आणि पाठ जाड ठेवलीत की शेड आपोआप मिळते. तोंड पाइपच्या बाजूला येऊ द्या, शेपटीकडून पंटी (काच धरून ठेवायची भरीव सळई) लावा, पाइप तोडा, तापवा आणि जॅक्सने, म्हणजे मोठ्या चिमट्यासारख्या अवजाराने, जबडा उघडा.

दात पारदर्शकच ठेवा, पांढरे अजिबात नको. ड्रॅगनफिश या खोल समुद्रातल्याच दुसऱ्या माशाचे दात खरंच पारदर्शक असतात, ते पाण्यात दिसू नयेत म्हणून, हे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलंय. जोडीदाराने गरम काचेचा थेंब आणून द्यायचा, तुम्ही चिमट्याने ओढून टोक काढायचं. कपाळावरचा गळ शेवटी लावा, त्या कोऱ्या पट्टीवर, आणि टोकाला दुधी काचेचा ठिपका. खऱ्या माशात तिथे चमकणारे बॅक्टेरिया राहतात, आपण तोंडातून आत छोटा एलईडी ठेवायचा, उजेड कोऱ्या पट्टीतून काचेच्या दांडीत शिरतो आणि थोडासा टोकापर्यंत जातो. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

माझे पहिले दोन गळ बुडाशी तडकले, कारण अंग जाड आणि दांडी बारीक, ती लगेच थंड होते. ग्लोरी होलमध्ये, म्हणजे काच परत तापवायच्या भट्टीत, थोड्या थोड्या वेळाने झटकन दाखवून आणा, जास्त वेळ ठेवलंत तर दात वितळून बसतात. सगळ्या काचा तापल्यावर सारख्याच प्रसरण पावणाऱ्या हव्यात, बोरोसिलिकेटची (उष्णता सोसणाऱ्या काचेची) दांडी सोडा-लाइमवर, म्हणजे नेहमीच्या काचेवर, टिकणारच नाही. किल्नचं (काच हळूहळू गार करायच्या भट्टीचं) तापमान काच बनवणाऱ्याने दिलेलंच पाळा, सोडा-लाइमला साधारण ५०० अंशांच्या आसपास असतं, तिथून सावकाश उतरवा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका.

आता शेवटचं, जे मला फार उशिरा कळलं. चकचकीत काळी काच काळी वाटतच नाही, सगळी खोली तिच्यात दिसते. खाली तर काही माशांची कातडी पडलेल्या उजेडातला अर्धा टक्काही परत सोडत नाही. म्हणून अंग सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूसारख्या कणांचा जोराचा फवारा मारून, मॅट करा, त्याआधी तोंडात कापड कोंबून दात, आणि टेप गुंडाळून गळ नीट झाका, तेवढेच चकचकीत राहिले पाहिजेत.