मध्य, मध्यक, बहुलक घरी समजावताना
मुलांच्या वहीतला 'मध्य' म्हणजे आपली नेहमीचीच सरासरी, एवढं कळलं तरी पालकांची निम्मी धास्ती जाते.

समजा, मे महिन्यात सोलापूरचं पाच दिवसांचं तापमान असं होतं: ४१, ४२, ३२, ४२, ४३. बेरीज २००, भागिले ५, मध्य ४०. पण चार दिवस तर पारा चाळिशीच्या वरच होता! वळवाच्या एकाच दिवसाने सरासरी खाली ओढली. मध्यकासाठी आधी आकडे चढत्या क्रमाने लावायचे: ३२, ४१, ४२, ४२, ४३. मधला ४२. मुलं नेमकी इथेच घाई करतात आणि क्रम न लावता ३२ उचलतात. बहुलक सोपा, सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा: ४२.

मग विचारा, "वळीव आलाच नसता तर?" ३२ च्या जागी ४२ घालून मध्य त्यांनाच काढू द्या.