रेग्युलेटर घेताना आधी फर्स्ट स्टेज बघा
बेळगाव-खानापूरकडून आंबोली घाट उतरून मालवणला डायव्हिंगला जात असाल आणि स्वतःचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडापर्यंत देणारं उपकरण) घ्यायचा असेल, तर त्याची फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीला बसून हवेचा दाब कमी करणारा भाग, बॅलन्स्डच घ्या, म्हणजे टाकीतला दाब उतरला तरी श्वास तितकाच सहज देणारी. अनबॅलन्स्डमध्ये टाकीतली हवा संपत आली की श्वास ओढायला जोर लागतो, तोही नेमका आपण दमलेलो असताना. फर्स्ट स्टेजमधली झडप पिस्टनवर किंवा डायफ्रॅमवर (लवचीक पडद्यावर) चालते. पिस्टनवाल्यात सुटे भाग कमी, सर्व्हिसिंग सोपं. तरी आपल्या किनाऱ्याच्या गढूळ पाण्यासाठी मी डायफ्रॅमच सुचवेन. पडद्यामुळे वाळू आणि खारं पाणी आतल्या हलत्या भागांपासून बरंच लांब राहतं. टाकीला जोडायचे दोन प्रकार: योक (टाकीच्या झडपेवर शिकंजासारखा बसणारा) २३२ बार दाबापर्यंत चालतो, डिन (आट्यांनी झडपेत बसणारा) ३०० पर्यंत. टाकीला कोणता बसतो, ते निघण्याआधी फोनवर विचारा. डायव्हनंतर फर्स्ट स्टेजच्या तोंडावर डस्ट कॅप (झाकण) लावूनच रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवा. तोंडाकडच्या भागावरचं, हवा जोरात सोडणारं पर्ज बटण मात्र तेव्हा दाबू नका, पाणी नळीतून आत शिरतं.