अंगावरचं दूध आणि बाळाचा मेंदू: या चुका टाळा

पंप केलेलं दूध पातळ, निळसर दिसलं की घरात कोणीतरी म्हणतंच, यात काही दम नाही, याने बाळाचं डोकं कसं वाढणार. अहो, फीडच्या सुरुवातीचं दूध असंच दिसतं! पुढे स्तन रिकामा होत जातो तसं फॅट वाढतं, आणि मेंदूला लागणारं डीएचए (एक प्रकारचं ओमेगा-3 फॅट) त्या फॅटमध्येच असतं. म्हणून घड्याळ बघून बाजू बदलू नका, बाळाने स्वतः सोडेपर्यंत पाजा. फ्रीजमधल्या दुधावर फॅटचा थर आला तर बाटली हळू फिरवून मिसळून घ्या, नाहीतर तो बाटलीलाच चिकटून राहतो.

दुसरी चूक, आईने दुप्पट खाल्लं की दूध आपोआप भारी होतं असं समजणं. लॅक्टोज (दुधातली साखर), प्रोटीन जेवणाने फारसं हलत नाही, हलतं ते डीएचए, आयोडीन आणि व्हिटॅमिन बी12. त्यातलं बी12 मला सगळ्यात डेंजर वाटतं, कारण आई पूर्ण शाकाहारी आणि गोळ्या बंद, तिला स्वतःला काहीच जाणवत नाही आणि इकडे बाळ सुस्त, मान धरत नाही, आधी हसायचं ते पण कमी झालं, आणि सगळे म्हणतात काही मुलं उशिरा करतात. थांबू नका, दोघांची रक्ततपासणी करा, उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं. आयोडीन पाजणाऱ्या आईला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम लागतं, तेव्हा बिनआयोडीनचं फॅन्सी मीठ जरा बाजूला ठेवा.

मूल हट्टी झालं, एका जागी बसत नाही, की लगेच 'दूध कमी मिळालं ना' हे आईला ऐकवणं तर बंदच करा. बेलारूसमध्ये 1996 पासून 17,000 वर बाळांचा मोठा अभ्यास झाला, त्यात स्तनपानाला जास्त मदत मिळालेल्या गटातल्या मुलांचा आयक्यू साडेसहाव्या वर्षी जास्त निघाला, पण वागणुकीत फरक नाही, आणि सोळाव्या वर्षापर्यंत आयक्यूचा फरकही बराच विरला.

आणि सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर ठेवू नका. त्यात लोह अगदी कमी असतं, जन्मावेळचा साठा तोवर संपत येतो आणि लोह कमी पडलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, त्यामुळे वरचं खाणं सुरू करताना लोहवाले पदार्थ पहिल्यापासूनच द्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला लोहाचे थेंब आधीच लागतात, ते डॉक्टरांना विचारून.