चोडण बेटावरची निवांत भटकंती

पणजीजवळच्या रायबंदर धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून सकाळी लवकर चोडणला उतरावे. तिथून जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सुमारे १.७८ चौरस किलोमीटरच्या या खारफुटीच्या वनातील बांधीव पायवाटेवरून शक्य तितके हळू चालावे, कारण ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या (चिखलात वावरणारे छोटे मासे) उड्या मारताना, खेकडे बिळांतून डोकावताना आणि खंड्ये पाण्यावर नजर रोखून बसलेले दिसतात. होडीने आतल्या खाड्यांत शिरायचे असल्यास मात्र भरती हवी; म्हणून वेळा आदल्या दिवशीच पाहाव्यात. माझ्या मते पायी फेरीच अधिक समाधान देते. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पाणी, टोपी, दुर्बीण सोबत असावी. दुपारी पणजीत जेवून, ऊन उतरल्यावर मिरामारच्या वाळूत अनवाणी फिरावे.