मियाटामध्ये टीडीआय बसवायचंय? आधी डिफचा रेशो बघा

हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये डिझेल म्हटलं की निम्मे लोक हसतात आणि उरलेले विचारतात अ‍ॅव्हरेज किती देईल. पण आपल्याकडे जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणारे मिस्त्री गावोगावी होतेच ना, त्यामुळे आपल्या लोकांना हा प्रकार काय नवीन नाही. इथे इंग्लंडमध्ये त्याच धर्तीवर पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (अमेरिकेतली मियाटा, १९८९ ला आलेली) घेतात आणि तिच्यात फोक्सवॅगनचं १.९ लिटरचं टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिन घालतात. गाडी स्वस्तात मिळते, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि इंजिन तर भंगारात गेलेल्या पसाट, गोल्फ, ऑडी ए-फोरमधून कुठेही मिळतं.

इंजिन निवडताना जुना बॉशच्या रोटरी डिझेल पंपवालाच घ्या, म्हणजे ९० किंवा ११० पीएसचा (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच समजा). नंतरच्या पंप-डुझे (प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप आणि नोझल) इंजिनात ताकद जास्त आहे हे खरं, पण त्याला ऑइल वेगळं लागतं, कॅम झिजतात आणि वायरिंगची डोकेदुखी वाढते. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. शक्य असेल तर ए-फोर किंवा पसाटमधलं उभं (गाडीच्या लांबीत) बसणारं इंजिन शोधा, त्याचे ब्रॅकेट आपल्या कामाचे असतात. आणि नुसतं इंजिन आणू नका, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, हीटर प्लगचा रिले, इंटरकूलर सगळं एकाच गाडीतून उचला, नंतर एकेक शोधत बसलात तर इंजिनापेक्षा महाग पडतं.

आता मुद्द्याचं. सगळे जण टॉर्कचे (इंजिनाच्या पिळाच्या ताकदीचे) न्यूटन मीटर मोजतात, कारण माझदाच्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाला १३५ च्या आसपास आणि ११० पीएस टीडीआयला २३५. पण ते पेट्रोल इंजिन सात हजार आरपीएमपर्यंत फिरतं आणि हे साडेचार हजारला दम टाकतं, आणि गिअर मात्र त्या सात हजारवाल्यासाठी पाडलेले. हिशोब करून बघा, १८५/६० आर १४ टायर, ४.३ रेशोचा डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल), पहिला गिअर ३.१३६. पेट्रोलवर पहिल्यात ताशी ५६ किमीपर्यंत जाता येतं, डिझेलवर ३६ लाच संपलं, म्हणजे चौक ओलांडायच्या आत दुसरा टाका. पाचव्यात ७० मैलांना (११३ किमी) इंजिन ३६०० वर घोंघावत राहणार, मग डिझेलचा फायदा काय राहिला? शिवाय १.८ लिटरवाल्या एमएक्स-५ चा मोठा डिफ लागतोच, १.६ वालीचा छोटा डिफ एवढा टॉर्क फार दिवस सोसत नाही. त्यात दुसऱ्या पिढीच्या सहा गिअरवाल्या १.८ मधला ३.९ रेशोचा मिळाला तर सोनं, त्याच ११३ ला ३३०० वर येतो. हाफशाफ्ट, प्रॉपशाफ्टसकट सेट घ्या.

इथे एक गंमत आहे. लोकांना वाटतं सहा गिअरचा बॉक्स टाकला की हायवेला आराम, पण त्या बॉक्सचा सहावा ०.८४ आहे आणि पाच गिअरवाल्याचा पाचवा ०.८१, म्हणजे पाचवालाच लांब, त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं! वर त्याचा पहिला ३.७६, डिझेलला तर अजिबात कामाचा नाही. पाच गिअरवालाच ठेवा.

माझदाचाच गिअरबॉक्स ठेवायचं दुसरं कारण म्हणजे त्याला खाली वेगळं माउंटिंगच नाही, डिफपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लांब फ्रेमवर तो लटकलेला असतो. दुसरा बॉक्स घातला की ती सगळी रचना तुम्हाला नव्याने करावी लागते. तेव्हा इंजिन आणि बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट, आणि ती चांगल्या लेथ-मिलिंगवाल्याकडूनच करून घ्या. प्लेट बसवल्यावर क्रॅंकला डायल गेज लावून बेल हाउसिंगचं भोक फिरवून बघा, काटा ०.१३ मिमीच्या वर हलला तर परत काढा, डॉवेल सरकवा, परत लावा. कंटाळवाणं काम आहे पण इथे आळस केला की इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि क्लच दोन्ही जातात. क्लच प्लेट माझदाच्या स्प्लाइनची हवी, फ्लायव्हील बनवून घ्यावं लागतं.

बसवताना अडतं ते टर्बोपाशी. या इंजिनाचं इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच अंगाला, आणि बेल्ट पुढे करून उभं ठेवलं की ते अंग येतं गाडीच्या उजवीकडे, म्हणजे नेमकं इंग्लंडच्या (आणि आपल्या) गाड्यांच्या स्टिअरिंग शाफ्टवर. म्हणून वेल्डिंग मशीन लावायच्या आधी रिकामा ब्लॉक, हेड, टर्बो एवढंच जोडून आत टांगा, बॉनेट मिटतंय का बघा, स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) सबफ्रेमला कुठे लागतंय ते खडूने खूण करा. चेंबर कापून वेल्ड करावंच लागतं बहुतेक, पण ऑइल पिकअपची (ऑइल ओढणाऱ्या नळीची) उंची पण त्याच मापाने बदला. पुढे वजन थोडं वाढणार, बॅटरी माझदाने आधीच डिकीत ठेवलीय, तिला तिथेच राहू द्या आणि पुढच्या स्प्रिंगा कडक टाका.

बाकी: पेट्रोलची टाकी पूर्ण धुऊन वाळवा, आतला पंप काढा, बॉशचा पंप स्वतः डिझेल ओढतो आणि त्याचं वंगणही डिझेलच, त्यामुळे पेट्रोलचा अंश राहिला तर पंपाची वाट. ब्रेकच्या सर्वोला टीडीआयचा व्हॅक्यूम पंप जोडायला विसरू नका, डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो. इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं कुलूप) आधीच बंद करून घ्या. आरपीएमचा काटा माझदामध्ये इग्निशनवर चालतो, आता इग्निशनच नाही, तर अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घ्या. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट बदला.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. पंपाच्या सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढून नुसता सेल मारा, ऑइल प्रेशर येऊ दे, टर्बोत आधीच थोडं ऑइल ओता. मग पारदर्शक नळी लावून हातपंपाने डिझेल ओढा, बुडबुडे थांबेपर्यंत. वायर परत जोडा, नोझलवरचे १७ नंबरचे नट जरा सैल करून सेल मारा, डिझेल पाझरायला लागलं की आवळा (बोट जवळ नेऊ नका, प्रेशर कातडीत घुसतं). आणि हवेच्या तोंडाशी एक जण जाड लाकडी फळी घेऊन उभा करा, हे मस्करीत नाही सांगत. टर्बोचं सील गेलेलं असेल तर इंजिन स्वतःचं ऑइल पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही, हवा बंद केली तरच मरतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर इथे डीव्हीएलएला (इथलं आरटीओ) इंजिन नंबर, सीसी आणि इंधन तिन्ही कळवून लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) बदलून घ्यावं लागतं, इंजिनाची पावती जपून ठेवा. एमओटीला (गाडीच्या वार्षिक तपासणीला) धुराची टेस्ट होते, २००८ च्या आधीच्या टर्बो डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा ३.०, नोझल स्वच्छ असतील तर अडचण नाही. लंडनवाल्यांनी मात्र नीट विचार करा, हे इंजिन युरो ६ (प्रदूषणाचं मानक) नाही म्हणजे यूलेझमध्ये (लंडनच्या कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात) गाडी काढली की रोज साडेबारा पौंड. इन्शुरन्सला काम सुरू करायच्या आधी फोन करा, काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. आणि पुण्या-मुंबईत कुणाच्या डोक्यात असं काही असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरटीओची परवानगी न घेता इंजिन बदललं तर गाडी रस्त्यावर काढता येणार नाही.