जोडीदाराकडे परदेशी जायचंय? कोल्हापुरातून कागद कसे जुळवायचे

एजंटाच्या ऑफिसात पाय ठेवण्याआधी तिकडच्या माणसाकडून त्याच्या परमिटचा फोटो मागवून घ्या. तो विद्यार्थी आहे, नोकरीच्या व्हिसावर आहे, कायम रहिवासी आहे की तिथला नागरिक, यावर तुमचा मार्ग ठरतो. नुसतं 'अमेरिकेत असतो' ऐकून कुणी खर्चाचा आकडा सांगायला लागला, तर चहा पिऊन उठून या.

अमेरिकेचंच घ्या. जोडीदार एच-१बी वर (कुशल नोकरीच्या व्हिसावर) असेल तर तुम्हाला एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराचा व्हिसा, मिळतो. फॉर्म डीएस-१६०, फी २०५ डॉलर. त्यावर लगेच नोकरी करता येत नाही. जोडीदाराची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायम रहिवासासाठी, सहसा कंपनीने भरलेली याचिका) मंजूर झालेली असेल किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याला एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढे मुदतवाढ मिळालेली असेल, तरच कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो एल-१ वर (कंपनीनेच बदली करून पाठवलेला) असेल तर तुमच्या एल-२ वर काम करायला वेगळा परवाना लागत नाही. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एफ-२ वर नोकरी अजिबात नाही. हे लग्न ठरवतानाच विचारून घ्यावं. पत्रिका, नाडी सगळं बघतात आणि हेच राहून जातं.

जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर तो आय-१३०, म्हणजे तुम्हाला कायमचं बोलावून घेण्याचा अर्ज, भरतो. इथे वार्षिक कोटा नाही, त्यामुळे वेळ जातो तो फक्त प्रक्रियेत. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र कोट्याच्या रांगेत थांबावं लागतं. अमेरिकेत उतरताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज, भरायचा असतो. तो चुकला तर दर्जा धोक्यात येतो.

ब्रिटनमध्ये सगळं पगारावर अडतं. ११ एप्रिल २०२४ पासून, जोडीदार ब्रिटिश नागरिक किंवा तिथे स्थायिक असेल तर वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. नोकरी सहा महिन्यांपासून एकाच ठिकाणी असेल तर सहा पे-स्लिपा आणि तेवढ्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं. स्लिपवरचा निव्वळ आकडा खात्यात जसाच्या तसा दिसला पाहिजे. तुमचा इथला पगार यात धरत नाहीत. उत्पन्न नसेल तर ८८,५०० पौंडांची बचत सहा महिने खात्यात पडून असावी लागते. सातबारा, प्लॉट, सोनं दाखवून काही होत नाही. शिवाय ए-१ (अगदी सुरुवातीच्या) पातळीची इंग्रजीची मान्यताप्राप्त परीक्षा, टीबीची तपासणी आणि वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार. व्हिसा ३३ महिन्यांचा असला तरी अधिभार तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड आगाऊ भरावा लागतो. जोडीदार तिथे शिकत असेल आणि कोर्स पीएचडी किंवा संशोधनाचा नसेल, तर २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना कुटुंब नेता येत नाही. केअर वर्करनाही ११ मार्च २०२४ पासून तीच बंदी आहे.

जर्मनीसाठी साधारणपणे जर्मन भाषेचं ए-१ प्रमाणपत्र लागतं. परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) असेल तर ही अट नाही, तेव्हा क्लासची फी भरण्याआधी त्याचं कार्ड बघा. कॅनडात विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायचा परवाना) मिळण्याचे नियम २१ जानेवारी २०२५ पासून आवळले: पीएचडी, किमान १६ महिन्यांचं मास्टर्स किंवा ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रम हवा. दुबईत नवऱ्याचा पगार ४,००० दिरहॅम, किंवा राहण्याची सोय धरून ३,००० लागतो.

देश कुठलाही असो, मुळाशी विवाह नोंदणीचा दाखला असतोच. तो आपल्याकडेच तयार होतो आणि घोळही आपल्याकडेच होतात.

शहरात नोंदणी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात होते: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. गावात ग्रामपंचायतीत. मंगल कार्यालय 'कोल्हापुरात' म्हणतात आणि हद्द निघते उचगावची किंवा पाचगावची, म्हणून कार्यालय बुक करतानाच हद्द विचारून ठेवा. नमुना 'ड' मध्ये ज्ञापन (नोंदणीचा अर्ज) भरायचं, त्यावर तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. सोबत लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे. लग्नापासून ९० दिवसांत केलं तर उशिराच्या शुल्काची कटकट नाही. मिळणारा नमुना 'ई' चा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत आणि संगणकावर छापलेला मागा. हाताने लिहिलेल्या दाखल्यातलं 'पाटील' इंग्रजीत 'पाटिल' झालं की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावं लागतं.

दाखला हातात पडला की टेबल सोडण्याआधी दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. समजा पासपोर्टवर 'स्नेहल महादेव पाटील' आहे, दाखल्यात लग्नानंतरचं नाव 'स्नेहल अमित चव्हाण' लिहिलंय आणि आधारवर नुसतं 'स्नेहल चव्हाण'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतंच. परदेशी अधिकाऱ्याला मात्र ही तीन माणसं दिसतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे व्हिसा लागेपर्यंत नाव बदलायचंच नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचाच चालतो, दाखल्यात लग्नाआधीचं नाव पासपोर्टप्रमाणे आलं की पुरे. बदलायचंच असेल तर अर्ज करण्याआधी सगळीकडे बदला, अर्ध्यावर नको.

दुसरा घोळ तारखेचा, आणि तो जास्त महागात पडतो. मुलगा सुट्टीवर दहा दिवस येतो, व्हिसाला उशीर नको म्हणून नोंदणी आधी उरकतात आणि अक्षता सहा महिन्यांनी. नमुना 'ड' ची नोंदणी झालेल्या लग्नाची असते. न झालेलं लग्न झालं म्हणून लिहिलं की दाखल्यावर एक तारीख, पत्रिकेवर आणि अल्बमवर दुसरी, आणि मुलाखतीत "लग्न कधी झालं?" या साध्या प्रश्नाला दोघांची दोन उत्तरं. आधी कायदेशीर लग्न हवं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ चा सरळ रस्ता आहे. दोघांपैकी एक जण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. इकडे राहणाऱ्यामुळे ते भागतं. नोटीस द्यायची, ३० दिवस जाऊ द्यायचे आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. मग फॉर्ममध्ये तीच तारीख लिहायची आणि नंतरच्या समारंभाचा उल्लेख पत्रात वेगळा करायचा. नेहमीच्या पद्धतीने लग्न झालं असेल तर फॉर्ममध्ये लग्नाची तारीख टाकायची, नोंदणीची नव्हे.

अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागतो का, हे त्या देशाच्या कागदपत्रांच्या यादीत बघून मगच पैसे भरा. लागत असेल तर दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. मंत्रालयाची स्वतःची फी कागदामागे ५० रुपये आहे, बाकी आकडा मधल्यांचा. दुबईला अपॉस्टिल चालत नाही, तिथे वकिलातीचा शिक्का लागतो.

पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपये भरून मागायचा. पासपोर्टवर पत्ता माहेरचा आणि राहणं सासरी असेल तर अर्जात सध्याचाच पत्ता द्या. पोलीस चौकशीला आले आणि शेजारच्यांनी "त्या इथं राहत नाहीत" म्हटलं की अर्ज तिथेच अडकतो.

नात्याच्या पुराव्यात स्टुडिओचा अल्बम फार उपयोगाचा नसतो. पंधरा-वीस फोटो पुरे: साखरपुडा, अक्षता, दोन्हीकडची माणसं, नंतरची एखादी ट्रिप. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण. व्हॉट्सॲपचे गठ्ठे छापू नका, दर महिन्याचं एखादं पान द्या. विमानाची तिकिटं आणि एकमेकांना पाठवलेले पैसे याहून बोलके असतात.

अमेरिकेची मुलाखत मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) त्यांच्या वकिलातीत. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट मुलाखतीला जायचा बेत करू नका, गाडी लेट झाली की तारीख गेली. आदल्या दिवशीच पोचा. मोबाईल आत नेता येत नाही, तो सोबत आलेल्या माणसाकडे द्या आणि तिकडच्या जोडीदाराचा पत्ता, कंपनीचं नाव, पगार कागदावर लिहून पाठ करून ठेवा.