नाकाशेजारचे पापुद्रे आणि मेडिकलमधली ट्यूब

नाशकात डिसेंबरची थंडी पडली की नाकाच्या कडेला, भुवयांत, कानामागे तेलकट पिवळसर पापुद्रे सुटतात. थंडीने कातडी फुटली समजून लोक खोबरेल चोळतात आणि लाली वाढवून घेतात. हा नुसता कोरडेपणा नाही, सेबोऱ्हिक डर्मटायटिस आहे, म्हणजे त्वचेच्या तेलकट भागांत येणारी लाली आणि पापुद्रे. त्यामागे मॅलासेझिया ही बुरशी असते; ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि तेलावर पोसते. म्हणून आधी तेल बंद करा.

क्रीम म्हणाल तर कीटोकोनॅझोल २ टक्के ही पहिली निवड. ते मिळालं नाही किंवा झोंबलं तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के. टर्बिनाफिन गजकर्णावर उत्तम, पण इथे त्याच्या मागे लागू नका. लुलिकोनॅझोलही मुख्यतः गजकर्णाचंच.

आता खरी गोम. काउंटरवर नुसतं ‘खाजेचं क्रीम द्या’ म्हटलंत तर बऱ्याचदा तीन-चार औषधांची मिसळ हातात पडते: एक बुरशीनाशक, एक अँटिबायोटिक आणि एक जोरदार स्टेरॉइड. दोन दिवसांत चेहरा लख्ख होतो, म्हणूनच ती ट्यूब घरोघरी फिरते. बंद केली की लाली दामदुप्पट परत येते. महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, गालावर लाल बारीक शिरा दिसू लागतात, मुरमं येतात. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी ट्यूब तुम्हीच उलटी करून बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेवटी ‘कोनॅझोल’ किंवा ‘ट्रिमॅझोल’ असेल तर ते बुरशीवरचं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड दिसलं तर ट्यूब परत करा. झोल सगळा त्या ‘सोल’ आणि ‘सोन’मध्येच आहे! डॉक्टरांनी चार-पाच दिवसांपुरतं सौम्य हायड्रोकॉर्टिझोन लिहून दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी.

कोमट पाण्याने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं क्रीम, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दिवसातून दोनदा, पापुद्र्यांच्या थोडं बाहेरपर्यंत, डोळे सांभाळून लावा. आठवड्यात आराम वाटतो आणि लोक तिथेच थांबतात. चार आठवडे पुरे करा.

डोक्यात कोंडा असेल तर कीटोकोनॅझोल २ टक्के शांपू आठवड्यातून दोनदा. फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, लावला की लगेच धुवायचा नाही. डोकं तसंच ठेवून नुसता चेहरा नीट होत नाही.

हा त्रास मुळासकट जात नाही. बरं झाल्यावरही आठवड्यातून एक-दोनदा क्रीम चालू ठेवा, निदान थंडी सरेपर्यंत. चार आठवड्यांत फरक नसेल, पापण्यांवर पसरलं असेल किंवा कोपर-गुडघ्यांवर जाड चंदेरी खपल्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा; तो सोरायसिस, म्हणजे खपल्यांचा दुसराच त्वचारोग, असू शकतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या खपल्यांना हे क्रीम मनाने लावू नका.